अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांचे भजन भजन म्हणूनच ऐकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जॅझमधल्या अध्यात्मावर आलेला लेख वाचला. कोल्हापूरच्या वाचकांसमोर हा विषय आला याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्या लेखात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना जवळजवळ सगळी जागा मिळाली आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्या वाट्याला दोनच वाक्ये आली. पतीच्या निधनानंतर त्यांनी संगीत सोडून आश्रम गाठला, असे पहिले वाक्य सांगते. दुसऱ्यात त्यांच्या भजनांना ‘फ्यूजन’ म्हटले आहे. पहिले विधान चूक आहे. दुसऱ्याने ऐकणाऱ्याचा कान भलत्याच गोष्टी शोधू लागतो. आमच्यात पेटीवाले आहेत, भजनाला पखवाजाची साथ करणारे आहेत आणि पाश्चात्त्य स्वरलेखन वाचणारेही आहेत, म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत. जागेची अडचण असेल तर पत्र दोन भागांत छापावे, पण स्वरांचा भाग कापू नये ही विनंती.

अ‍ॅलिसबाईंचा जन्म २७ ऑगस्ट १९३७ रोजी डेट्रॉइट शहरात झाला. बाप्टिस्ट चर्चमध्ये पियानो आणि ऑर्गन वाजवतच त्या मोठ्या झाल्या. पॅरिसला जाऊन बड पॉवेल यांच्या सहवासात जॅझ पियानो शिकल्या, परत येऊन टेरी गिब्ज यांच्या चमूत वाजवू लागल्या. १९६३ मध्ये जॉन कोल्ट्रेन यांची भेट झाली, १९६५ मध्ये लग्न, आणि १९६६च्या सुरुवातीपासून जॉन यांच्या चमूत मॅकॉय टायनर यांच्या जागी त्या पियानोवर होत्या. १७ जुलै १९६७ ला यकृताच्या कर्करोगाने जॉन गेले, वय अवघे ४०. अ‍ॅलिसबाईंनी तिशीही गाठली नव्हती आणि पदरात चार मुले. त्यानंतरच्या काळात झोप उडाली, वजन झरझर उतरले, नाना भास होऊ लागले. या काळाला पुढे त्या तपश्चर्या म्हणत. त्यातून सावरताना त्यांना स्वामी सच्चिदानंद भेटले, म्हणजे ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे शिष्य. १९७० च्या अखेरीस त्या त्यांच्याबरोबर भारतात येऊन गेल्या.

आता ‘संगीत सोडले’ याबद्दल. १९६८ ते १९७८ या काळात त्यांच्या दहाहून अधिक ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९७६ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, तुरियासंगीतानंद हे नाव धारण केले, आणि त्यानंतरही १९७७ मध्ये ‘राधा-कृष्ण नाम संकीर्तन’ ही तबकडी निघाली. १९७८ नंतर त्यांनी सोडला तो तबकड्यांचा बाजार. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अगोरा हिल्स येथे आश्रम उभा राहिला. तिथे त्या सत्संगात ऑर्गनवर बसत आणि सगळ्यांकडून भजने म्हणवून घेत. त्यांच्या भजनांच्या चार कॅसेटी त्यांच्या स्वतःच्या संस्थेतर्फेच निघाल्या: १९८२, १९८७, १९९० आणि १९९५. दुकानात त्या मिळत नव्हत्या म्हणून जगाला वाटले, बाई गप्प झाल्या. २००४ मध्ये मुलगा रवी (पंडित रविशंकरांवरून ठेवलेले नाव) याच्या आग्रहाने त्यांनी पुन्हा एक तबकडी केली. १२ जानेवारी २००७ ला त्या गेल्या. आश्रमाची वास्तू नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात जळाली.

त्यांच्या हार्पबद्दल, म्हणजे उभ्या चौकटीतल्या तारा बोटांनी छेडायच्या त्या मोठ्या वाद्याबद्दल, मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. हा हार्प जॉन यांनी मागवला होता आणि तो घरी पोहोचला त्यांच्या निधनानंतर. मोठ्या हार्पला ४७ तारा असतात, पल्ला साडेसहा सप्तकांचा. वाजवताना करंगळी वापरत नाहीत, दोन्ही हातांची मिळून आठच बोटे चालतात. सप्तकात तारा मात्र सातच, पियानोसारख्या बारा पट्ट्या नाहीत. कोमल-तीव्राचे काम पायाकडे असते. खाली सात पेडल, प्रत्येक स्वराला एक, आणि प्रत्येकाच्या तीन खाचा: वरची खाच अर्धा स्वर उतरवते, मधली मूळ स्वर ठेवते, खालची अर्धा स्वर चढवते. एक पेडल हलवले की त्या नावाच्या सगळ्या सप्तकांतल्या तारा एकदम बदलतात. स्वरमंडळ जुळवणाऱ्याला एकेक खुंटी किल्लीने फिरवत बसावे लागते, इथे तेच काम सात पावलांत होते.

हार्पवरची सरसर, म्हणजे बोट सगळ्या तारांवरून झपकन ओढणे, हा अ‍ॅलिसबाईंचा हुकमी प्रकार. त्यात एक अडचण आहे. बोट ओढताना मधली तार वगळता येत नाही, सातही तारा वाजणारच. मग पाच स्वरांची सप्तके कशी काढायची? उत्तर पेडलमध्येच आहे. मालकंसाचे स्वर घ्या, सा पांढरी एक धरा. रे ची तार अर्धा स्वर चढवली की ती कोमल ग होते. ग ची तार अर्धा स्वर उतरवली की तीही कोमल ग. प ची तार चढवली की कोमल ध, आणि ध ची तार उतरवली की पुन्हा कोमल ध. नी उतरवून कोमल करायची, सा आणि म जिथल्या तिथे. आता सातही तारा मालकंसातच बोलतात, आणि कोमल ग व कोमल ध या दोन स्वरांना दोन-दोन तारा मिळतात. एकच स्वर शेजारच्या दोन तारांवर लागोपाठ वाजला की नाद दाट होतो, त्याला एक थरथर येते. भूप हवा असेल तर म ची तार उतरवून शुद्ध ग वर आणायची आणि नी ची तार चढवून वरच्या सा वर न्यायची, बाकी पाच तारा शुद्ध ठेवायच्या. तार घुमत असताना पेडल हलवले की झणकन खरखर येते. म्हणून खाच बदलायची ती तार दाबून किंवा नाद विरल्यावर.

जे हार्पवर होत नाही तेही सांगायला हवे. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) होत नाही, गमक (स्वराला दिलेले झोके) होत नाही. तारा समान अंतराच्या पाश्चात्त्य सप्तकात जुळवलेल्या असतात, त्यामुळे आपल्या शुद्ध गंधारापेक्षा इथला गंधार चढा लागतो. हार्पवर राग ऐकायला बसलेल्याची निराशा ठरलेली. ‘जर्नी इन सत्चिदानंद’ ही रचना ऐकावी ती वेगळ्या अपेक्षेने. ८ नोव्हेंबर १९७० ला न्यूयॉर्कजवळच्या डिक्स हिल्स इथल्या घरच्याच स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. तंबोरा सतत चालू. सेसिल मॅकबी यांचा बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य) एकच छोटी स्वरपंक्ती पुन्हापुन्हा म्हणतो, अगदी तबलावादनाखाली फिरत राहणाऱ्या लेहऱ्यासारखी, आणि तो लेहरा कशानेही ढळत नाही. त्यावर हार्पच्या सरी येतात, आणि मग फॅरो सँडर्स यांचा सोप्रानो सॅक्सोफोन शिरतो. पहिल्या वेळी हार्पकडे लक्षच देऊ नये. बासची पंक्ती गुणगुणता येईपर्यंत फक्त बास ऐकावा. तो पाठ झाला की वरची सगळी इमारत आपोआप दिसू लागते.

जॉन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’बद्दल लेखात बरेच आहे, पण स्वर एकही नाही. ते इथे देतो. ९ डिसेंबर १९६४ ला न्यू जर्सीत ध्वनिमुद्रित झालेली ही चार भागांची रचना, सुमारे ३३ मिनिटांची. पहिल्या भागात जिमी गॅरिसन यांचा बास चार स्वर धरतो. सा पांढरी चार घेतला तर ते सा, कोमल ग, सा, म. पेटीवर आत्ता वाजवून पाहावे. त्या भागाच्या अखेरीस जॉन हीच चौकडी सॅक्सोफोनवर बाराही सुरांतून फिरवतात, म्हणजे सा जागा बदलत जातो आणि आकृती तीच राहते. मग त्याच चार स्वरांवर रचनेच्या नावाचा घोष सुरू होतो आणि शेवटी तो घोष एक पूर्ण स्वर खाली उतरतो. हा उतार पुष्कळांच्या कानातून निसटतो. चौथ्या भागात जॉन यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे, ती गायलेली नाही, सॅक्सोफोनवर अक्षरानुसार म्हटलेली आहे. प्रार्थना तबकडीच्या वेष्टनावर छापली होती. ती समोर ठेवून ऐकले तर कुठला शब्द कुठे आला ते बोट ठेवून दाखवता येते. तिथे ठेका नाही. एल्विन जोन्स यांचे ढोल फक्त घुमतात.

आता भजनांकडे, कारण आमचा मुख्य मुद्दा तो आहे. फ्यूजन म्हटले की दोन घराण्यांचे वादक एका मंचावर येऊन आळीपाळीने आपापले दाखवतात असे चित्र उभे राहते. अ‍ॅलिसबाईंच्या भजनात तसे काही नाही. नामस्मरण आपले, आणि हात चर्चच्या ऑर्गनवाल्याचे. एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे ही रीत गॉस्पेलमध्येही (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले भक्तिगीत) आहे आणि आपल्या भजनी मंडळातही, म्हणून सांधा दिसत नाही. ‘गोविंद जय जय’ आपल्याकडे देवळादेवळांत म्हणतात, १९७७ च्या तबकडीत ते आहे. त्याच तबकडीतला ‘ओम नमः शिवाय’ जवळपास एकोणीस मिनिटे चालतो, आणि त्यात आहेत फक्त दोघे: अ‍ॅलिसबाई ऑर्गनवर आणि थोरला मुलगा जॉन ड्रमवर. हा मुलगा १९८२ मध्ये अपघातात गेला.

पेटीवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी. आपल्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागून चाल वाजवत जाते. चर्चचा ऑर्गन तसे करत नाही. तो चालीखाली तीन-तीन स्वरांचे जुडगे धरून ठेवतो आणि जुडगे बदलतो. सा गळ्यात लांब धरा. खाली आधी सा-ग-प वाजवा, मग ध-सा-ग, मग म-ध-सा. तिन्ही जुडग्यांत सा आहे, म्हणून गाणाऱ्याला काहीच हलवावे लागत नाही. पण पहिल्यात तो सा स्थिर वाटतो, दुसऱ्यात व्याकूळ, तिसऱ्यात उघडा. अ‍ॅलिसबाईंची भजने चालीने अगदी साधी आहेत, लहान मुलांनी झेलावीत अशी. त्यांची सगळी करामत त्या सा च्या खाली चालते. ‘चाल तर रोजचीच आहे, यात एवढे काय’ असे म्हणणाऱ्याने डाव्या हाताकडे कान द्यावा.

हे आपल्या हातपेटीवर नीट जमत नाही, त्याचे कारण सरळ आहे. डावा हात भात्यावर अडकलेला असतो. एकाच हाताने जुडगे आणि चाल दोन्ही धरू गेले की चाल तुटते. पायपेटी असेल तर जमते, कारण भाता पायाने चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. कीबोर्डवर तर सहज जमते, पण तिथे आमच्या पाहण्यात चार चुका हमखास होतात. पहिली, ‘पॅड’ नावाचा मऊ आवाज निवडणे. तो स्वर दाबल्यावर हळूहळू उमलतो, गाणारे त्याची वाट पाहतात आणि ठेका ओढला जातो. त्याऐवजी ऑर्गनचा आवाज घ्यावा, तो दाबताक्षणी बोलतो. दुसरी, मींडेसाठीचे चाक. बहुतेक कीबोर्डवर ते मुळात दोन अर्धस्वरांपुरतेच फिरते, आणि फिरवले की हाताखालचे सगळेच स्वर एकदम सरकतात. चाल सरकवायची असेल तर जुडगे आधी सोडावे, नाहीतर सगळे देऊळ एका बाजूला कलल्यासारखे वाटते. अ‍ॅलिसबाईंच्या आश्रमातल्या कॅसेटींत ओबरहाइम सिंथेसायझरचे लांब घसरणारे स्वर ऐकू येतात, ते एकटे सोडलेले असतात म्हणून शोभतात. तिसरी चूक रागाची. मालकंसातल्या अभंगाखाली सवयीने सा-ग-प धरले की वर्ज्य पंचम घुसतो आणि शुद्ध गंधारही. तिथे कोमल ध-सा-कोमल ग, आणि म-कोमल ध-सा हीच दोन जुडगी पुरतात. चौथी चूक टाळांची. गॉस्पेलमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, आपला हात समेवर जातो. त्या ध्वनिमुद्रणाबरोबर टाळ धरून म्हणायला गेले की दोन मिनिटांत गोंधळ उडतो. टाळ खाली ठेवून आधी त्यांची टाळी हाताने साधावी.

सुराबद्दलही एक शिकण्यासारखे आहे. अ‍ॅलिसबाई खर्जाकडे झुकलेल्या, खालच्या पट्टीत गातात, अजिबात जोर न लावता. आपल्या महिला मंडळांत पुष्कळदा म्होरकीच्या गळ्याला सोसेल ती पट्टी ठरते आणि मागच्या बायकांची वरच्या सा ला घुसमट होते. मागे झेलणाऱ्यांतल्या सगळ्यात खालच्या गळ्याला जमेल ती पट्टी ठरवावी. अ‍ॅलिसबाईंची भजने ऐकून हे चटकन पटते.

ऑर्गन आणि भजन ही जोडी कोल्हापूरकराला परकी वाटायचे खरे तर कारण नाही. संगीत नाटकाचा ऑर्गन आपल्या आजोबा-पणजोबांच्या कानात होता. केशवराव भोसल्यांचे हे गाव. गोविंदराव टेंबे याच मातीतले, आणि पेटीवर त्यांनी काय करून दाखवले ते सर्वांना ठाऊक आहे. तीच पेटी मींड काढत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींत बसत नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे तिला दाराबाहेर ठेवले. आक्षेप खोटे नव्हते. तरीही भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, कारण पन्नास जणांना एका सुरात धरून ठेवायला ती लागते. अ‍ॅलिसबाईंचा ऑर्गन आश्रमात नेमके तेच काम करतो. अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी मान देणाऱ्या शाहू महाराजांच्या गावाने कोण कुठल्या धर्मातून आले, यावरून गाणे जोखू नये असे आम्हाला ठामपणे वाटते.

आपल्या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन देवल क्लबसारख्या ठिकाणी, जिथे कान तयार असलेले श्रोते येतात, या संगीताचे एक श्रवणसत्र ठेवावे, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. मोबाइलच्या किंवा खोक्याएवढ्या स्पीकरवर हे संगीत ऐकवू नये. बासचा सर्वात खालचा स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा असतो, तो अशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही, आणि बास गेला की ‘जर्नी’मध्ये पायाच उरत नाही. दोन मोठे स्पीकर, मध्ये अंतर, श्रोते चाळीसच्या आत, आवाज बोलण्याच्या पातळीपेक्षा थोडाच वर. तंबोरा चालू असताना छताचे पंखे बंद ठेवावेत. त्यांची घरघर तंबोऱ्यातच मिसळते आणि नंतर वेगळी काढता येत नाही. चहा सत्राआधी किंवा नंतर.

क्रम असा ठेवावा. आधी ‘जर्नी इन सत्चिदानंद’, साधारण साडेसहा मिनिटे, एकदा ऐकवून बासची पंक्ती पेटीवर दाखवावी आणि पुन्हा ऐकवावी. मग ‘कीर्तन: तुरिया सिंग्ज’मधले ‘जगदीश्वर’. १९८२ च्या कॅसेटवर या भजनांना सिंथेसायझर आणि तंतुवाद्यांची साथ होती. २०२१ मध्ये निघालेल्या या आवृत्तीत फक्त गळा आणि वुर्लिट्झर ऑर्गन आहे, त्यामुळे डाव्या हाताची सगळी जुडगी उघडी ऐकू येतात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. मग ‘ओम नमः शिवाय’. शेवटी, ज्यांना थांबायचे असेल त्यांच्यासाठी, ‘अ लव्ह सुप्रीम’ सलग, मध्ये न बोलता. आपल्या लेखकाने हा क्रम नेमका उलटा धरला आहे. भजनाची सवय असलेल्या माणसाला अ‍ॅलिसबाईंकडून जॉनकडे जाणे सोपे पडते. आधी जॉन ऐकवले तर तिसऱ्या भागातल्या वेगातच निम्मे लोक उठतात.

निवड करणाऱ्याने नावे तपासून घ्यावीत. ‘जर्नी इन सत्चिदानंद’ १९७१ ची तबकडी आहे आणि ‘जर्नी टू सत्चिदानंद’ हे आश्रमातल्या काळातले वेगळे ध्वनिमुद्रण आहे. इंटरनेटवर शोधताना दुसरेच पुढ्यात येते आणि मग ‘यात बास कुठे आहे’ असे लोक विचारतात. आश्रमातल्या कॅसेटींमधले निवडक २०१७ मध्ये एका संग्रहात आले आहे, समूहाने म्हटलेली भजने हवी असतील तर तो घ्यावा.

२३ सप्टेंबर २०२६ ही जॉन कोल्ट्रेन यांची जन्मशताब्दी. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत पुन्हा या विषयावर लेख येईलच. त्या वेळी अ‍ॅलिसबाईंवर स्वतंत्र लेख यावा आणि त्यासोबत वरची सरगम छापावी, म्हणजे गल्लीतला पेटीवालाही ती वाजवून पाहील. पेडल आणि जुडग्यांच्या आकृत्या काढून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले नम्र,
काही संगीतप्रेमी वाचक,
कोल्हापूर